चोवीस गडी आणि ओली भिंत

अण्णा, तुम्ही मला ओळखणार नाही हे धरूनच चालते. कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारे तुम्ही, मुलगी काय लक्षात ठेवणार? मी तुमची धाकटी, हातोदच्या घरात चुलीपुढे बसलेली. मला अजून अक्षर येत नाही. मी बोलतेय, नात लिहितेय. ती भंवरकुआंला कोचिंगमध्ये गणित शिकवते, आणि आज राजेंद्र नगरला माझ्याकडे येऊन न जेवता बसलीय.

तिथले मोठे सर तिला म्हणाले, "मॅडमजी, बच्चों को शॉर्टकट चाहिए, शक नहीं." कारण ही प्रत्येक गणिताआधी पोरांना विचारते, यात आपण न सांगता काय धरून चाललोय? पोरं विचार करत बसतात, पेपर अर्धा राहतो. सोमवारी माफी माग, नाहीतर घरी बस, असं झालंय. मला म्हणते, "आजी, पणजोबांची पद्धत मी अशी सोडून देऊ?"

पणजोबांची, म्हणजे तुमची! थकले मी हे ऐकून ऐकून. आठवतं का, बाहेरच्या खोलीत तुमच्या शिकवणीची पोरं बसलीत, तुम्ही विचारताय, चार गडी सहा दिवसांत भिंत बांधतात, तर चोवीस गडी? सगळी ओरडली, एक दिवस! मी आतून म्हटलं, "मग माती वाळणार कधी?" आपली मागची भिंत तेव्हाच पडली होती ना. ती पुन्हा बांधताना मिस्त्री रोज मातीचा हातभरच थर घालायचा आणि विडी ओढत बसायचा. ओल्यावर ओला थर घातला की सगळं खाली. तुम्ही म्हणालात, "तू पोळ्या लाट." लाटल्या. दुसऱ्या दिवशी तुम्हीच पोरांना विचारलंत, "माती वाळणार कधी?" मग जन्मभर विचारत राहिलात. मोठे झालेले विद्यार्थी अजून भेटले की म्हणतात, मास्तरांनी आम्हाला शंका घ्यायला शिकवलं. आणि माझ्या हातात पाटी द्यावी, ही शंका काही तुम्हाला आली नाही.

हिने पेन खाली ठेवलंय. "आजी, हे तू आजपर्यंत बोलली का नाहीस?" अगं, लिही. विचारलं कुणी? सगळे धरूनच चालले होते.

आता म्हणते, "मग मी माफी नाही मागत." मी म्हटलं, बघ बाई, नोकरी जाईल. पण नाही मागितलीस तर पणजोबांच्या नावावर नको, माझ्या नावावर. खूप वर्षांनी ती हसली की काय असं वाटलं मला, म्हणजे आज सकाळपासून पहिल्यांदाच.

अण्णा, हा कागद कुठे जाणार नाही, माझ्या सुपारीच्या डब्यात राहील. म्हणून सांगते, त्या दिवशी मला राग आला नव्हता. माझा प्रश्न तुमच्या तोंडून ऐकताना पोळी करपली, इतकी मी खुश होते. राग नंतर आला, आणि मग गेलाच नाही.

हे झालं की उठ गं, जेव. सोमवारी जाशील तेव्हा त्या सरांना डबाभर भुट्ट्याचा कीस पाठवते. एका डब्याला कणसं किती लागली विचारलं, तर सांगू नकोस. आधी कोवळी होती की निबर, ते विचारू दे. आणि वरून लिंबू पिळून दे, विसरू नकोस. विसरण्यात तू पणजोबांवर गेलीयस.