लाल गाडीतली टकटक

५ ऑक्टो., रवि.
गाडी टकटक करतेय. उभी असली की टकटक, रेस दिली की गप्प. परवा पवनानगरहून येताना खिंडीत थांबले तेव्हा लक्षात आलं. आज घरात बोलून बसले, तीच चूक. निखिलला निमित्तच हवं होतं. "आई, दोन सीटची म्हातारी स्पोर्ट्स कार! विकून टाक." गिऱ्हाईकही तयार. पुण्याचा कुणी हौशी, पुढच्या रविवारी बघायला येणार. गाडी माझ्या फंडातून घेतलेली, आणि गिऱ्हाईक चिरंजीव बघतात! वर निदान, "इंजिनातलं टॅपेट वाजत असणार." मोबाइलवर बघून. स्वतःच्या स्कूटरचा प्लग बदलता येत नाही मेल्याला.
हे नेहमीसारखे चहात बिस्कीट बुडवत बसले होते.

६, सोम.
जुन्या हायवेवरच्या गॅरेजात नेली. मालक तंबाखू मळत आला. बॉनेट न उघडताच निकाल: "इंजिन खोलावं लागंल, मावशी. बेरिंग गेल्यालं दिसतंय." दिसतंय म्हणे! म्हटलं, बेरिंग गेलं असतं तर रेस दिल्यावर आवाज वाढला असता की गप्प बसला असता? तर म्हणतो, "साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो."
साहेब म्हणजे हे. क्लच कुठला न् ब्रेक कुठला, पत्ता नाही. गाडी तशीच वळवली.

८, बुध.
शेजारचे चिक्कीवाले काका कुंपणावरून: "पेट्रोलात भेसळ!" आधी आपल्या चिक्कीत शेंगदाणे किती ते बघा म्हणावं.
मग मीच लागले कामाला. गॅसच्या जुन्या रबरी नळीचा तुकडा, एक टोक कानाला, दुसरं इंजिनावर फिरवायचं. पंपांच्या कारखान्यात टेस्टिंगला जन्म गेला, खराब पंप असाच पकडायचो. इंजिन आतून स्वच्छ. आवाज बाहेरून, धुराच्या पाइपाकडून येतोय! ह्यांना सांगितलं. "असंल," म्हणाले अन् उठून गेले. दगडाशी बोललेलं बरं.

९, गुरु.
सापडलं! धुराच्या पाइपावर आच अडवायला पत्रा असतो, त्याच्या फटीत. चिमट्याने ओढून काढली. सुपारी! करपून कोळसा झालेली. पत्रा थरथरला की आत नाचायची.
दसऱ्याला गाडीची पूजा ह्यांनी केली. इंदुरीला ह्यांच्या घरी ट्रॅक्टरवर गणपती म्हणून सुपारी मांडतात, तसा ह्यांनी थेट इंजिनावर गणपती बसवला. धन्य! एकटीच खूप हसले.
मग हसू गेलं. पूजेची सुपारी हे धुऊन, पुसून डबीत ठेवतात. ती परत आली नाही हे ह्यांना त्याच दिवशी कळलं असणार. टकटक सुरू झाल्यावर तर नक्कीच. निखिल टॅपेट म्हणतोय, गॅरेजवाला इंजिन खोलायला निघालाय, आणि हा माणूस बिस्कीट बुडवतोय. गाडी जावी म्हणून!
असल्या माणसाबरोबर संसार केला मी.

१२, रवि.
सकाळी सुपारी होती तिथे परत ठेवली. हो, ठेवली. कुणाच्या बापाला भीत नाही.
हौशी आला. गॉगल, हातमोजे, थंडी नसताना जॅकेट. स्टार्ट केली. टकटक टकटक. चेहरा एवढासा झाला. "टॅपेट आहे हो फक्त," निखिल. "नको, इंजिनाचं काम निघेल," म्हणून हौशी निघाला. निखिलचीच विद्या निखिलला नडली. हे दारात उभे राहून गाडीकडे नाही, माझ्याकडे बघत होते.
दुपारी सुपारी काढली आणि ह्यांच्या कपाशेजारी ठेवली. पाहिली, हात लावला नाही.
"तवाच कळलं हुतं मला."
"मग तोंड शिवलं होतं का?"
कप बाजूला सारला. मग, "तू रिटायर झालीस, वाटलं घरात दोघं असू. तर तू हे डबडं आणलंस. रोज सकाळी उठून बघतो तर तू न्हाईस. एकलाच चा पितो मी."
"शेजारची सीट रिकामीच असते की!"
"कवा बोलावलंस?"
वर हे! घरच्या माणसाला अक्षत द्यायला जाऊ? भांडी आपटली. जेवले नाही. ते पण जेवले नाहीत.

१३, सोम.
रोजच्या चकरेला निघायची वेळ झालीय. अंगणात बघते तर हे स्वेटर, कानटोपी चढवून गाडीपाशी उभे. कुणी बोलावलं? कुणी नाही. माझा राग गेलेला नाही. किल्ली टेबलावर आहे, मी इथे लिहीत बसलेय.
डाव्या बाजूचं दार बाहेरून उघडत नाही. आतून मलाच उघडावं लागतं. ह्यांना ते माहीत नाही. मघापासून कडी ओढतायत.