मागच्या रिकाम्या खुर्च्या

बेंगळुरू,
११ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अण्णा,
संयूचा साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं. इथलं सांबार गोड असतं, त्यामुळे आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी परवाच संपली. करंगळीची सूज उतरली. आपला ऊस तुटला का, की टोळीचा मुकादम अजून उद्या-उद्याच म्हणतोय?

फौजेत तोफांनी तुमचे कान नेले, आणि मी फोनवर बोलायचं नि आईनं ते तुमच्या कानात ओरडून सांगायचं, असं हे बोलणं नाही. म्हणून पत्र. स्पीड पोस्टनं टाकते, रविवारच्या सत्काराच्या आत पोचेल.

आईनं उंब्रजच्या फाट्यावरच्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. 'आंतरराष्ट्रीय गोलकीपर संयोगिता हिचा भव्य नागरी सत्कार.' सरपंच दादासोंचा फोटो माझ्यापेक्षा मोठा! वर मी हवेत आडवी, बॉल बोटांवर. छान आलाय, म्हटलं मी. तर आई म्हणाली, "तुजं अण्णा लय येळ हुबं हुतं त्येच्याम्होरं. निघताना एवढंच म्हनलं, 'मागं खुर्च्या रिकाम्याच हायती की गं.'"

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

तुम्ही बरोबर बघितलंत, अण्णा. तो फोटो सामन्याचा नाही. सामन्याआधी आम्ही अंग गरम करायला उतरतो, तेव्हाचा आहे. तेव्हा प्रेक्षक आलेले नसतात. दादासोंनी फोटो मागितला आणि मी तोच दिला. दुसरा माझ्याकडे नव्हता.

मी भारताकडून एक मिनिटसुद्धा खेळलेले नाही.

सहा वर्षं संघाबरोबर फिरते आहे. आमची पहिली गोलकीपर माझ्याच खोलीत राहते, माझ्याच डब्यातली चटणी खाते. सामन्याआधी तिला बॉल मारून तयार करणं हे माझं काम. मग मी बाकावर बसते. जर्सी धुवायला टाकताना लाज वाटते, कारण ती मळलेलीच नसते. सामना संपला की न खेळलेल्यांना मैदानात पळायला लावतात, व्यायाम चुकू नये म्हणून. लोक घराकडे निघालेले असतात, एखादं पोर कठड्यावरून हात हलवतं, आणि आम्ही पाच-सहा जणी पळत असतो. त्या वेळी मला आपल्या घराची फार आठवण येते.

आई विचारायची, टीव्हीवर तू का दिसत नाहीस? मी सांगायचे, कॅमेरा गोल मारणाऱ्यांच्या मागं असतो. तिनं ते खरं धरलं. तुम्ही कधी विचारलंच नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला फुटबॉलचं काही पडलेलं नाही.

आता खरं ते सांगते. गेल्या वर्षी एका सामन्यात आमची ती पहिली गोलकीपर पडली. गुडघा धरून बसली, उठेना. कोच सरांनी मला खूण केली. मी ग्लोव्ह्ज चढवून रेषेपाशी उभी राहिले. आणि ती उठली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण अण्णा, ती उठली याचं मला वाईट वाटलं. माझी मैत्रीण आहे ती. त्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा देताना मला जड जातं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

काल सरांनी बोलावलं. पुढच्या शिबिरात माझं नाव नाही. "तू एकतीसची झालीस, आता मुलींना शिकव," म्हणाले. चांगले बोलले. म्हणजे आता ते एक मिनिट काही मिळायचं नाही.

तुम्ही पोस्टिंगवरून लिहायचा, 'मी इकडे खुशाल.' हाताला पट्टी बांधून दवाखान्यात होतात, तेव्हाही तेच लिहिलं होतंत. मला वाटतं, मी तुमच्याकडूनच शिकले.

फ्लेक्स काढायला लावू नका. मी शनिवारी येते. दादासोंनी फेटा बांधला की माईक हातात घेऊन मी हे सगळं सांगणार आहे, मैत्रिणीचं तेवढं सोडून. लोक हसतील, काही जण उठून जातील. तुम्हाला कारखान्यावर चार जण विचारतील. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

एकच मागणं आहे. शाळेच्या मैदानावर आपल्या गोलाला जाळी नव्हती. सुट्टीवर आलात की तुम्ही माझ्या मागं उभे राहायचा, माझ्या हातून सुटलेला बॉल उसात जाऊ नये म्हणून. किती सुटायचे, पण तुम्ही कधी ओरडला नाहीत. उचलून परत द्यायचा आणि म्हणायचा, "हं, हुबी ऱ्हा."

रविवारी स्टेजवरच्या खुर्चीत बसू नका, अण्णा. तुम्हाला ऐकू आलं नाही तरी चालेल. मी बोलत असेन तेव्हा माझ्या मागं उभे राहा.

तुमची, न खेळलेली,
संयू