टाकीखालची गोधडी

मंगळवार, संध्याकाळ. मुक्ताईनगर.

आज होडीतली डिझेलची टाकी काढली. तिच्या बुडाचा पत्रा गंजून चाळणी झालाय. वरून तर मी रोज पुसायचो! पाणी टाकीखालच्या गोधडीत मुरून राहायचं. हिनेच आपली लुगडी शिवून टाकीखाली घातली होती. म्हणाली होती, "टाकी खडखडते, तुमचं डोकं दुखतं." ती गेल्यावर गोधडी हलवायला हात कसा धजावणार?

धाकटा भाऊ म्हणाला, "नाना, रबराच्या पट्ट्या टाक, खालून हवा खेळू दे. गोधडी फेकी दे."

पट्ट्या टाकल्या, नवी टाकी बसवली. गोधडी मात्र दोरीवर वाळत घातलीय. पिळवली नाही.

इंजिन चालवून पाहिलं. टाकी जरासुद्धा खडखडली नाही.

खडखडायला हवी होती.