यादीतला एक तरी दातांचा डॉक्टर मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुस्तफा सोलकर साहेब,
प्रमुख, विमा कक्ष,
मुख्य कार्यालय, रियाध.

विषय: दातांच्या विम्यावर डॉक्टर मिळवून देण्याबाबत.

संदर्भ: आपण माझ्या अब्बांना फोनवर तीनदा दिलेले उत्तर, "लिस्टमध्ये बघा ना."

महोदय,

मी सानिया, सुलैच्या गोदामातले आपले स्टोअरकीपर नौशाद मुकादम यांची मुलगी, इयत्ता दहावी. अब्बांना अर्ज करायला संकोच वाटतो. मला वाटत नाही.

१. मार्चमध्ये विम्याच्याच यादीतल्या डॉक्टरांनी, विम्याच्याच मंजुरीने, माझ्या दातांना तारा बसवल्या. ऑगस्टमध्ये डॉक्टर यादीतून बाहेर पडले. तारा माझ्या तोंडातच राहिल्या.

२. सोमवारी एक तार तुटली. टोक गालात घुसतं. येत्या गुरुवारी वक्तृत्वाची अंतिम फेरी आहे. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे; यंदा पहिल्यांदा माझं नाव फलकावर लागलंय.

३. आदेशाप्रमाणे लिस्ट बघितली. चौदा दवाखाने. नऊ म्हणाले, "इन्शुरन्स? खलास." दोघे फोन उचलत नाहीत. एका ठिकाणी आता चष्मे मिळतात. एकाने फेब्रुवारीची तारीख दिली. चौदाव्याने मात्र प्रेमाने बोलावलं. ते विम्यावर तारेला हात लावत नाहीत, पण दात उपटून देतात. म्हणजे चार दात काढले की तार आपोआप मोकळी, तीही फुकट! ही योजना आखणाऱ्याचा कंपनीने सत्कार करावा.

४. "सुट्टीत गावी करून घ्या," असंही आपण सुचवलंत. आमची सुट्टी जुलैत आहे. गालाला कळवलंय.

५. अब्बा म्हणतात, सौदीकरण आलं, नोकऱ्या सौदींना चालल्या, आता आपलं कोण ऐकणार? म्हणून आपल्या कक्षातल्या नव्या सौदी मॅडमना मी शाळेतल्या अरबीत फोन केला. त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, नवी यादी दर महिन्याला येते आणि उस्ताद मुस्तफांकडे जाते.

६. आपली मुलगी इकरा माझ्याच बाकावर बसते. तारा त्याच डॉक्टरांच्या. शनिवारी रोख पैसे देऊन तिच्या आवळूनही झाल्या. म्हणाली, "पप्पा म्हणतात, त्या कार्डाच्या भानगडीत पडायचंच नाही." विम्याबद्दल विमा कक्षाचं मत कळलं, आभारी आहे.

तरी बुधवारपर्यंत नवी यादी, किंवा इकराच्या डॉक्टरांकडे जाण्याचं मंजुरीपत्र मिळावं. नाहीतर गुरुवारी आहे तशीच बोलेन. विषय ऐच्छिक आहे. मी "आमचा विमा" घेतलाय. मुलींच्या विभागात फक्त आयांना प्रवेश असतो. इकराच्या आई, हफीजाचाची, पहिल्या रांगेत बसणार आहेत. बाकीचं तुम्हाला घरी कळेलच.

तोंड उघडतं तेवढी नम्र,
सानिया नौशाद मुकादम
रियाध, ११ नोव्हेंबर २०१८

सोबत:
१. चौदा दवाखान्यांची यादी, शेऱ्यांसह.
२. निमंत्रणपत्रिका, हफीजाचाचींसाठी.