हे बिल नव्हे

केप कोस्ट, मंगळवार

चि. अराबा हिस अ. उ. आ.

फोनवर तू फार भरभर बोलतेस, म्हणून हे पत्र अक्राच्या बसवाल्याच्या हाती. तुझ्या दुकानाच्या वेबसाइटच्या नावाची मुदत संपत आलीय, अशी नोटीस आपल्या टपालपेटीत आली. वर सरकारी गरुड, खाली शिक्का, लाल अक्षरांत ‘शेवटची सूचना’. दुकान तुझं, पण नाव माझ्या आईचं. मामा जिवंत असताना ते पुसलं जाईल? भाचरांसाठी सही मामानं करायची, ही आपली रीत. सोबतच्या फॉर्मवर ती करून पाठवूनही दिली. पैसे सोमवारी भरतो. नोटीस सोबत आहे.

पोस्टातून परतताना समुद्र गाजत होता. कडुनिंबाखाली बसलेला माझा जुना वर्ग आठवला. एका सुरात कविता म्हणणारी ती पोरं आता कुठं असतील?

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझा एबो मामा

अक्रा, बुधवार

ती. मामांस सा. न. वि. वि.

मामा, केलंत काय हे! नोटीस उलटून पाहिलीत? मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय: ‘हे बिल नव्हे. सही केल्यास आपल्या वेबसाइटचे नाव आमच्या कंपनीकडे येईल.’ जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्यात, आणि हा कागद तपासला नाहीत!

माझं नाव इथल्या कंपनीकडे आहे, पैसेही भरलेत. हे भामटे उघड्या यादीतून पत्ते उचलतात आणि भलत्याच नोटिसा धाडतात. एकदा नाव त्यांच्याकडे गेलं, की मागतील तो भाव. लंडनहून लोक आपलं अंत्यविधीला नेसायचं काळं-लाल कापड त्याच नावावर मागवतात. ते गेलं तर माझं दुकान बंद!

मी कंपनीला सांगून नावाला कुलूप लावलंय. खात्यावर पत्ता आणि फोन तुमचा आहे, त्यामुळे ते कुलूप उघडायचे गुप्त आकडे तुमच्याकडे येतील. ते मागायला भामटे फोन करतील. देऊ नका. पैसेही नाहीत!

रागावले आहे, तरी माया कमी नाही.
अराबा

केप कोस्ट, शनिवार

चि. अराबा हिस अ. उ. आ.

गुरुवारी फोन आला. मुलगा मोठा अदबीनं बोलत होता. आकडे सांगा म्हणाला. मी म्हटलं, आधी तुमच्या नोटिशीची मागची बाजू मोठ्यानं वाच. ‘हे बिल नव्हे’ एवढं कसंबसं वाचलंन. पुढचं वाक्य गाळून पुन्हा आकडे मागू लागला. मी म्हटलं, लाज गिळलीस, आता शब्दही गिळतोस? वाच! त्यानं फोन ठेवला.

मी परत लावला. काल दहादा लावला. म्हाताऱ्याला फसवतात, मेले!

आकडे दिलेले नाहीत. आईचं नाव तुझ्याकडेच आहे. आज सकाळी एका मुलीनं फोन उचलला. तिलाही वाचायला लावलं. तिनं दोन्ही वाक्यं स्वच्छ वाचली आणि म्हणाली, सर, हे आम्ही कधी वाचलंच नव्हतं.

रागातही तुझा,
एबो मामा