दत्ता, आपला क्लब चषकात जिंकला!

प्रिय दत्ता,

तुला जाऊन वर्ष होत आलं, पण तुझा नंबर फोनमधून काढवत नाही. काल सांगली स्टेशनावर उतरलो आणि सवयीनं तुलाच फोन लावायला निघालो होतो. म्हणून आज हळदीचं दुकान पुतण्यावर सोपवून लिहायला बसलोय. गड्या, आपला क्लब देशाच्या चषकात सामना जिंकला!

या चषकाचं वेड तूच लावलंस ना? फौजेतून निवृत्त झालास, रहिमतपूरचा ऊस भावावर सोडलास आणि कृष्णाकाठच्या मैदानावर आम्हा दुकानदार, शिंपी, गवंडी लोकांचा फुटबॉल संघ उभा केलास! सराव संपला की चषकाचा इतिहास सांगायचास. आधी तो निव्वळ हौशी क्लबांचा. दिवसभर गिरणीत, रेल्वेत राबायचं, संध्याकाळी खेळायचं. पुढं काही क्लब खेळाडूंना थोडंफार मानधन देऊ लागले. त्यांना घ्यायचं की नाही यावर मोठी भांडणं झाली आणि शेवटी दोघांनाही जागा मिळाली.

"लय ब्येस झालं," तू म्हणायचास. "पगारी आन् बिनपगारी, दोगं एकाच गवतावर."

ते गवत आपण एकदाच पाहिलं, चषकात खेळायला गोव्याला गेलो तेव्हा. आपण धुळीत खेळणारे! गोलमध्ये उभं राहण्याआधी तू बूट काढून अनवाणी फिरून आलास. चार गोल खाल्ले आपण, तरी परतीच्या गाडीत तूच मोठ्यानं गात होतास. खरं सांग, वाईट वाटलं नव्हतं?

आणि मग चषकच बंद पडला. भरवायला कुणी पुढं येईना. वर्षं गेली, आपले गुडघे गेले, तू मात्र नवी पोरं घेऊन रोज मैदानावर. मी चिडायचो, "कशापायी करतोस रं हे?"

"परत सुरू हुईल. तवा संघ नको व्हय?"

झाला सुरू! तू गेल्यावर काही महिन्यांतच. एवढी कसली घाई होती तुला?

एका गोष्टीचा मात्र तुझ्यावर राग आहे. तुझी लेक मनीषा म्हसवडच्या शाळेत खेळ शिकवते. तिनं संघाला शिकवायचं म्हटलं, तर तू तोंडावर म्हणालास, "बाईमाणसाचं पोरं ऐकायची न्हाईत." किती लागलं होतं तिला! तुझ्यामागं मीच तिला बोलावलं. म्हणाली, "चाचा, आबांना आवडलं नसतं." मी म्हटलं, "आबाला मी बघतो. तू शिट्टी घे."

दर शनिवारी ती एसटीनं यायची. पहिल्यांदा दोन जुने खेळाडू फिरकलेच नाहीत. तिनं आलेल्यांना घेऊन सराव केला. महिन्याभरात तेही आले.

चषकातला पहिला सामना. आपण एका गोलनं पुढं, आणि आपल्या सचिनच्या हातातून साधा चेंडू निसटून गोलमध्ये गेला. आपलीच माणसं ओरडायला लागली, "गोलकीपर बदला!" मनीषानं नाही बदलला. मध्यंतराला त्याच्यासमोर उकिडवी बसली. "चूक झाली, संपली. आता फुडचा चेंडू बघायचा. मी हाय हितं."

उत्तरार्धात त्यांना पेनल्टी मिळाली. मला बघवेना, मी पाठ फिरवली. आरडाओरडा झाला आणि कुणीतरी मला मिठी मारली. सचिननं अडवला होता, दत्ता! नंतर आपला दुसरा गोल झाला आणि सामना संपताच सचिन धावत आला, तो थेट मनीषाच्या पाया पडायला. "ताई, तुमी हुता म्हणून," एवढंच बोलता आलं त्याला.

पुढचा सामना हरलो. समोर पगारी संघ, पळून पळून दमवलं त्यांनी. पण मान खाली घालून कुणी आलं नाही. गाडीत मनीषा म्हणाली, "चाचा, मुलींचा संघ काढूया?" डब्यातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. ऐकत नाहीत म्हणे!

तू चषकाची वाट बघत राहिलास आणि तुझी पोरगी तुझ्याही पुढं निघाली. तू असतास तर हट्ट सोडला असतास का? मला वाटतं, सोडला असतास.

येत्या शनिवारी मुली मैदानावर उतरतील. आठवी-नववीतल्या आहेत, दोघी माझ्याच गल्लीतल्या. त्यांच्या घरी जाऊन मीच बोलून आलोय. माझा शब्द आहे गड्या, आपल्या मैदानावरून कुठलीही मुलगी 'हे तुझं काम नव्हे' असं ऐकून परत जाणार नाही. कुणी म्हणालाच, तर आधी माझ्याशी गाठ आहे.

तुझा,
सलीम