सासूबाईंनी दाबलेलं बटण

ती. मामा यांस,

भाचीचा वाकून नमस्कार. (अजून वाकता येतं, कंबर शाबूत आहे. तुमच्या गुडघ्याला तेल लावता की बाटली नुसती उशाशी ठेवता, ते खरं कळवा.) आम्ही सगळे सुखरूप आहोत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तसं वाटणार नाही.

माझी लेक दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली, हे तुमच्या कानावर आलंच असेल. नात एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, खोली उबदार हवी, त्यात हयगय नको. आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या ह्यांनी घर तापवायचं जुनं यंत्र भंगारात देऊन टाकलेलं! ह्यांना कुणीतरी पटवलं होतं, की जमिनीत खोल गेलं की बारा महिने तापमान सारखंच असतं. तिथवर नळ्या सोडायच्या, त्यांतून पाणी खेळवायचं. पंप थंडीत खालची ऊब घरात आणतो आणि उन्हाळ्यात घरातला उकाडा खाली नेऊन टाकतो. (ऐकायला इतकं सोपं, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.)

भोकं पाडायचं यंत्र आलं, ते फाटकातून आत शिरेना. फाटक उखडलं. मग माझे गुलाब उखडले. मग जमिनीतून असा राडा उसळला, की शेजारच्या मास्तरीणबाईंच्या वाळत घातलेल्या चादरी पार मातकट झाल्या. बाईंनी त्या चादरी आमच्या कुंपणावर आणून टाकल्या, आणि मी मुकाट्याने धुतल्या.

बाळ घरी यायच्या दिवशी सकाळी पंप एकदाचा सुरू झाला. ह्यांनी ‘गरम’चं बटण दाबलं. गार वारा! आकडा वाढवला, आणखी गार. मिस्त्री फोन उचलेना, आणि जावयांचा निरोप आला, ‘निघालो.’ तेवढ्यात दोन शाली गुंडाळलेल्या सासूबाई उठल्या.

“थंडचं दाब,” त्या म्हणाल्या.

“आई, तुला यातलं काही कळत नाही.”

“यंत्रातलं नाही कळत, तुझ्यातलं कळतं. अभ्यास कर म्हटलं की खेळायला पळायचास, खेळ म्हटलं की पुस्तक घेऊन बसायचास. हेही तुझ्याच वळणाचं दिसतंय.” आणि दाबलं की त्यांनी!

मामा, गरम वारा आला हो! (मिस्त्रीने तारा उलट जोडल्या होत्या, मागाहून येऊन सरळ करून गेला.) लेक दारात आली तेव्हा खोली कशी छान उबदार झाली होती. बाळाने दुपट्यातून एक हात बाहेर काढला, बोटं पसरली आणि तसंच झोपलं. ह्यांनी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. मी आपली भांडी आवरत राहिले, दुसरं काही सुचेना.

मामींना नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. घर उबदार आहे ही बातमी फुटली. बाळाला बघायला आलेल्या विहीणबाई, दोन्ही नणंदा आणि चुलत दीर परत जायचं नाव काढत नाहीत. मी स्वयंपाकघरात टेबलाखाली झोपते. तुमचं घर अजून गारठलेलंच आहे ना? तसंच राहू द्या. मी आठवडाभर मुक्कामाला येते.

ता. क. २. हे वाचून तुम्हीच इकडे यायला निघाला असाल, तर किल्ली शेजारी ठेवून निघा.